एकसष्ट टक्के

सारिका पहिल्यांदा माझ्या खोलीत आली तेव्हा तिच्या हातात दोन पानी अर्ज होता. 'सॉफ्टवेअर बसवून मिळणेबाबत.' तो नमुना मीच केलेला, आणि तळेगावच्या आमच्या संशोधन संस्थेत तो पूर्ण भरून आणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे दारातूनच म्हणायचे, "चिंतामणी सर, एवढं टाकून द्या की." हिने एकेक रकाना भरला होता. 'कशासाठी हवे' या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून मागे आणखी एक पान जोडलं होतं.

ते पान मी तेव्हा वाचलं नाही. हे आधीच सांगून टाकतो.

संस्थेत सत्तावीस वर्षं मी संगणक-विभाग सांभाळला. आमची यंत्रणा युनिक्स या प्रणालीवर चालणारी. तळमजल्यावर थंड खोलीत मोठी यंत्रं, आणि वरच्या तीन मजल्यांवरचे साठ-पासष्ट जण आपापल्या टेबलावरून त्यांच्यावर काम करायचे. प्रत्येकाला स्वतःचं खातं, स्वतःचं फोल्डर, ठरवून दिलेली जागा. पण मोठ्या गणितांची सॉफ्टवेअरं आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे बेरीज-गुणाकारांपासून अवघड समीकरणांपर्यंतच्या तयार कृतींचे संच, हे सगळं एका सामाईक ठिकाणी. तिथे हात लावायचा अधिकार फक्त मला. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखाच प्रकार. एकाने वरचा व्हॉल्व्ह फिरवला की भलत्याच्याच घरातलं पाणी जातं.

तसं एकदा झालंही होतं. दहा वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांच्या आग्रहावरून मी एक लायब्ररी बदलली आणि इतर अकरा जणांची कामं नऊ दिवस बंद पडली. तेव्हाच्या संचालकांनी भर बैठकीत मला उभं करून विचारलं होतं, "तुम्हाला हे काम येतं ना नक्की?" त्यानंतर मी अर्जाचा नमुना काढला.

"सर, भूजलाचं सॉफ्टवेअर आहे," सारिका म्हणाली. "जमिनीखालून पाणी कुठून कुठे जातं ते काढणारं. फुकट मिळतं. पण त्याला लायब्ररीची नवी आवृत्ती लागते, आपल्याकडची चालत नाही."

"नवी टाकली तर रसायन विभागातलं एक जुनं काम बंद पडेल."

"दोन्ही शेजारी शेजारी नाही ठेवता येणार?"

"बघू. अर्ज ठेवून जा."

ठेवता आल्या असत्या. मला ते येत होतं. चार दिवसांचं काम, फार तर आठ. पण माझी निवृत्ती चार-पाच वर्षांवर आली होती, नवीन काही अंगावर घ्यायची इच्छा उरली नव्हती, आणि एकाला करून दिलं की दहा जण रांगेत उभे राहतात हे मला पाठ झालं होतं. अर्ज मी ट्रेमध्ये ठेवला. तो ऑगस्ट महिना.

त्यानंतर दर सोमवारी ती यायची. "सर, माझ्या अर्जाचं काही?" मी म्हणायचो, "चालू आहे." कशाचं काय चालू होतं! ती मात्र गप्प बसली नव्हती. स्वतःच्या फोल्डरमध्येच तिने सगळं तयार करायला घेतलं. आधी कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत आणणारं साधन, मग त्याला लागणाऱ्या गोष्टी, मग त्या गोष्टींना लागणाऱ्या गोष्टी. माझ्या पडद्यावर मला तिची कामं दिसायची. पाच-पाच तास चालायची आणि एखादी फाइल सापडत नाही म्हणून मरायची. दोनदा तिची जागा भरली. एकदा मी ती वाढवून दिली आणि मनात म्हटलं, चला, केलं काहीतरी.

नोव्हेंबरात ती यायची थांबली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

झालं होतं असं. दुसऱ्या मजल्यावर शार्दूल नावाचा एक हुशार मुलगा होता. त्याने स्वतःच्या कामासाठी तीच नवी लायब्ररी आपल्या फोल्डरमध्ये बांधून ठेवली होती, आणि त्याचं फोल्डर सगळ्यांना वाचायला उघडं होतं. तो तिला म्हणाला, "कशाला जीव काढतेस? माझ्याकडून वापर." तिने आपल्या खात्यात एक ओळ लिहिली. लायब्ररी हवी असेल तेव्हा शार्दूलच्या फोल्डरमध्ये बघ, एवढंच सांगणारी ओळ. दुपारपर्यंत तिचं सॉफ्टवेअर चालू झालं.

ती निष्काळजी नव्हती. त्या सॉफ्टवेअरबरोबर दोनशे बारा नमुना-गणितं येतात, उत्तरं माहीत असलेली. ती सगळी तिने सोडवून घेतली. दोनशे बाराच्या दोनशे बारा बरोबर आली. त्याची छापील प्रत तिच्या फायलीत होती. ती मी नंतर पाहिली.

आता त्या न वाचलेल्या पानाविषयी.

सारिका कामशेतपासून आत असलेल्या एका वाडीतली. वाडीच्या वर बारा वर्षांपूर्वी पाझर तलाव झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत खालची भाताची खाचरं चिबडायला लागली. भात निघाला तरी पाणी हटायचं नाही. पूर्वी त्याच ओलीवर हरभरा, मसूर व्हायचा. आता माघापर्यंत बैल गुडघाभर रुतायचा. वाडीचं म्हणणं एकच, तलाव पाझरतो. जलसंधारण खात्याचं म्हणणं, पुरावा द्या. गेणूभाऊंची ही मुलगी एम.एस्सी. होऊन आमच्या संस्थेत अरुंधती मॅडमच्या हाताखाली संशोधनाला लागली, ती हाच प्रश्न घेऊन. तिची आई शालूबाई शिवणाचा टेप दोरीला बांधून रोज सकाळी वाडीतल्या सात विहिरींच्या पाण्याचं माप घेई आणि वहीत लिही. दोन वर्षं. एक दिवस खाडा नाही. ती मापं, जमिनीचे थर, पावसाचे आकडे, हे सगळं त्या सॉफ्टवेअरला द्यायचं, आणि खाचरांतलं पाणी कुठून किती येतं ते त्याने सांगायचं. जानेवारीत खात्याची समिती येणार होती. म्हणून ती ऑगस्टपासून माझ्या दारात उभी होती.

समिती आली. ग्रामपंचायतीच्या खोलीत सारिकाने भिंतीवर नकाशे दाखवले. खाचरांत साचणाऱ्या पाण्यापैकी एकसष्ट टक्के पाणी तलावाकडून येतं, असं तिने सिद्ध केलं. वाडीत तो आकडा पोराटोरांच्या तोंडी झाला. समितीनेही फारशी खळखळ केली नाही. तलावाचा पायथा आणि खाचरं यांच्यामध्ये सात फूट खोल चर खणायचा, म्हणजे पाणी मधल्यामध्ये पकडून ओढ्याला लावता येईल, असं ठरलं. चराची रेघ भिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या वरच्या खाचरातून जात होती. वाडीतलं तेवढंच एक खाचर चिबडलेलं नव्हतं. भिमाजींनी हूं की चूं न करता जागा दिली. म्हणाले, "गेणूच्या पोरीनं काडलंय ना गणित? मग खणा."

एप्रिलमध्ये चर झाला. सारिका पेढे घेऊन माझ्या खोलीत आली.

"सर, तुमच्यामुळे नाही, पण तुमच्या मशीनमुळे झालं," ती हसत म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. मी पेढा खाल्ला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये शार्दूल नोकरीसाठी बंगळूरला गेला. सोडून गेलेल्या माणसाचं खातं तीस दिवसांत बंद करायचं, हा माझाच नियम. मी त्याचं फोल्डर बॅकअपमध्ये टाकलं आणि यंत्रावरून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका दारात.

"सर, माझं सॉफ्टवेअर उठतच नाहीये. लायब्ररी सापडत नाही म्हणतंय."

तेव्हा मला कळलं की ती दीड वर्ष दुसऱ्याच्या फोल्डरवर उभी होती. मला शरम वाटली असावी, कारण मी ताबडतोब म्हणालो, "बस. आपण नीट बसवू." आणि जे काम मी चार महिने ट्रेमध्ये ठेवलं होतं ते आम्ही दोघांनी मिळून सहा दिवसांत केलं. जुनी लायब्ररी जुन्या जागी, नवी शेजारी, रसायनवाल्यांना पत्ताही लागला नाही. दोनशे बारा नमुना-गणितं पुन्हा सोडवली. सगळी बरोबर.

"आता तुझं वाडीचं गणित चालव," मी म्हणालो. "बघू तरी काय एवढं एकसष्ट टक्के."

तीन तासांनी ती खाली आली. हातात कागद नव्हता, काही नव्हतं.

"सर, काहीतरी चुकलंय तुमच्या बसवण्यात. चौदा येतायत."

"काय चौदा?"

"टक्के. तलावाचे चौदा टक्के."

आम्ही पुन्हा चालवलं. चौदा. दुसऱ्या यंत्रावर चालवलं. चौदा. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "सर, नोव्हेंबरात पहिल्यांदा चालवलं होतं तेव्हाही सोळा आले होते. मला वाटलं, मापं अजून पुरी भरली नाहीत म्हणून. डिसेंबरात आईची सगळी मापं घातली आणि एकसष्ट आले. मला वाटलं, आता बरोबर आलं."

"कारण सगळ्यांना तेच वाटत होतं."

"हो."

मी शार्दूलच्या फोल्डरचा बॅकअप उघडला. लायब्ररीच्या फायलींवर तारीख होती, तीन डिसेंबर. तिचं पहिलं गणित नोव्हेंबरातलं, शेवटचं एकोणीस डिसेंबरचं. मधे त्याने लायब्ररी पुन्हा बांधली होती. मी त्याला फोन लावला.

"हो सर, मी बदलली होती," तो म्हणाला. "माझ्या कामाला वेग हवा होता. अचूकता कमी करून टाकली, आकडे थोडे ढोबळ आले तरी मला चालत होते. का?"

"सारिका तीच वापरत होती."

"अजून? मला वाटलं तिने नंतर स्वतःची केली असेल. सर, मला खरंच लक्षातच नव्हतं हो."

त्याला तरी काय बोलणार? त्याच्या घरात त्याने काय बदलावं हा त्याचा प्रश्न होता. पण भूजलाच्या गणितात एका मोठ्या आकड्यातून जवळपास तेवढाच मोठा आकडा वजा करून छोटा उरतो, आणि तो उरलेलाच खरा महत्त्वाचा. मोठे आकडे जरा ढोबळ झाले की उरलेला कुठल्या कुठे जातो. सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही. उत्तर छापून देतं.

मग सारिकाने नवं उत्तर नीट उलगडून पाहिलं. पाणी येत होतं पूर्वेकडच्या उतारावरून. तलाव झाला त्याच सुमारास तिथे बंगल्यांसाठी प्लॉट पडले होते. जुना ओढा मुरूम टाकून बुजवून सपाट केला होता. ते पाणी जमिनीत शिरून सरळ खाचरांखाली निघत होतं. चराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. चराने एकच केलं. भिमाजींच्या वरच्या खाचराचं पाणी त्याने ओढून घेतलं. गेल्या पावसात त्या खाचरात भातापुरतंही पाणी ठरलं नव्हतं. खालची खाचरं तशीच चिबडलेली, म्हणून वाडीतले म्हणत होते, ठेकेदाराने चर कमी खोल खणला.

अरुंधती मॅडमच्या केबिनमध्ये मीही गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा आकडे पाहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यावर छापून आलेल्या आपल्या शोधनिबंधातली चूक आपण कळवू," त्या म्हणाल्या. "नियतकालिकाला मी आजच पत्र लिहिते. त्यात प्रश्न नाही. पण सारिका, वाडीत जाऊन सांगून काय होणार? चर खणून झाला. त्यांच्या हातात काय आहे आता?"

"काहीच नाही, मॅडम."

"मग?"

"ते ठेकेदाराला शिव्या देतायत."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांचं म्हणणं चूक होतं असंही मला अजून ठामपणे म्हणता येत नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी माझ्या गाडीतून तिला वाडीला नेलं. तिने सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं, येतो. देवळाच्या मंडपात पंधरा-वीस माणसं जमली होती. गेणूभाऊ खांबाला टेकून बसले होते, शालूबाई बायकांत. पंचायतीचा सदस्य सोपान पुढे. भिमाजी आणि त्यांची बायको चिमाबाई अगदी कडेला.

सारिकाने उभं राहून सांगितलं. काही झाकलं नाही. तलाव चौदा टक्के, उतारावरचे प्लॉट बाकी बहुतेक सगळं, चराचा उपयोग नाही.

"म्हंजे मशीन चुकलं?" सोपानने विचारलं.

"मशीन न्हाई चुकलं. मी चुकले. मी जितनं वस्तू घेतली व्हती, तितं मागनं बदल झाला. मी पुन्हा तपासलं न्हाई."

"पर तू तर म्हनलीवतीस, शंभर वेळा तपासलंय!"

"बदल व्हायच्या आधी तपासलं व्हतं, सोपानदादा."

कुणीतरी मागून म्हणालं, "आता प्लॉटवाल्यांशी भांडायला लावती व्हय आमाला?" दुसरा म्हणाला, "त्यांनीच मॅनेज केली आसंल." त्यावर गेणूभाऊ ताडकन उठले, आणि उठून नुसतेच उभे राहिले. मग ते पायऱ्या उतरून निघून गेले.

शालूबाईंनी बायकांतूनच विचारलं, "माजी मापं चुकली व्हती का गं?"

"न्हाई, आई. तुजं एकबी माप चुकलं न्हाई."

"मग चुकलं कुटं?"

सारिकाने माझ्याकडे पाहिलं नाही. पण सोपानने पाहिलं. "सायेब, तुमी कोण?"

"मी हिच्या संस्थेतला. तिथले संगणक मी बघतो."

"मग तुमाला तरी कळाया पायजे व्हतं."

"सरांचा काय संबंध न्हाई यात," सारिका म्हणाली. "सरांनीच तर चूक सापडून दिली."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ही मुलगी दर सोमवारी माझ्याकडे आली, मी ते काम केलं असतं तर ती दुसऱ्याच्या फोल्डरकडे गेलीच नसती, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मंडपातल्या लोकांना ते समजलंही असतं. ऑफिसात खेटे म्हणजे काय हे त्यांना मी शिकवायला नको. मी रुमालाने चष्मा पुसत राहिलो.

शेवटी भिमाजी बोलले. "मंग आता चर बुजवायचा का?"

"बुजवायला पायजे, आबा. तुमचं वरचं खाचर तरी वाचंल."

"कोण बुजवनार?"

चिमाबाईंनी पदर सावरला आणि त्या आधी उठल्या. मग एकेक करून सगळे उठले.

परत येताना गाडी कामशेतला आली. तेव्हा सारिका म्हणाली, "सर, खात्याला नवा अर्ज करू. चर बुजवा आणि उतारावरचा जुना ओढा मोकळा करा, असा. सगळे आकडे जोडू."

"करू," मी म्हणालो.

केला. या वेळी त्याची भाषा मी तपासून दिली, प्रती काढल्या, पोच घेतली. पाच महिन्यांनी उत्तर आलं, साडेतीन ओळींचं. आपल्याच संस्थेच्या अहवालानुसार काम पूर्ण करण्यात आले आहे. सबब सदर प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले आहे. म्हणजे फाइल बंद. आम्ही प्रत्यक्ष भेटायला गेलो. तिथला अधिकारी सभ्य होता, त्याने चहा मागवला. म्हणाला, "ताई, आधी तुम्हीच एकसष्ट म्हणालात. आता चौदा म्हणता. उद्या आणखी काही म्हणाल. मी वर काय लिहून पाठवू?" सारिकाकडे याचं उत्तर होतं, तांत्रिक आणि बिनचूक, आणि ते तिने पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. तो मान हलवत राहिला. यातून काही होणार नाही हे बाहेर पडताना तिला स्वतःलाच कळलं होतं.

उतारावरच्या प्लॉटना तोवर दगडी कुंपण झालं होतं. नवं गणित पक्कं करायचं तर त्या बाजूच्या पाण्याची मापं हवी होती. तिने चार मालकांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. फाटकावरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. तो वाडीतलाच होता, तिच्याबरोबर शाळेत शिकलेला. "सारिके, माजी नोकरी जाईल," तो म्हणाला.

मॅडमनी पाठवलेलं पत्र नियतकालिकात छापून आलं. चार ओळी, शेवटच्या पानावर. पुढच्या जूनमध्ये सारिकाची शिष्यवृत्ती संपली. प्रबंध अर्धा होता, आणि पुरा करायला मापं नव्हती. मॅडमनी मुदतवाढीसाठी खटपट केली, पण चूक छापून आलेल्या कामाला मुदतवाढ द्यायला शिष्यवृत्तीची समिती तयार झाली नाही. तिने टेबल आवरलं तेव्हा तिचं फोल्डर मी बंद करायचं होतं. तीस दिवस. मी ते एकोणिसाव्या महिन्यापर्यंत ठेवलं, म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत. नंतर माझ्या जागी आलेल्या माणसाने ते काढलं असेल. त्याचंही बरोबर आहे.

आता ती तळेगावातल्या एका कारखान्यात आहे, तपासणी विभागात. सुटे भाग मोजायचे आणि मापात नसलेले बाजूला काढायचे. मला रस्त्यात एकदा भेटली. नीट बोलली. घरी ये म्हणालो, हो म्हणाली. आली नाही. शालूबाईंनी विहिरींची मापं घेणं त्या रविवारनंतरच थांबवलं होतं; वहीची उरलेली पानं कोरी आहेत, एवढं तिने सांगितलं. गेणूभाऊ मुलीशी बोलतात का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

भिमाजींच्या वरच्या खाचरात दुसऱ्या वर्षीही पाणी ठरलं नाही. त्यांची खालची खाचरं तशीच चिखलात. त्यांनी जमीन विकली. घेणारे उतारावरच्या प्लॉटवाल्यांपैकीच कुणी होते असं ऐकलं. नवरा-बायको मळवलीला एका बंगल्याची राखण करायला गेले.

निवृत्त झाल्यावर घरी बसून माझं डोकं त्याच त्या ठिकाणी जात राहिलं. तो मंडप, चष्मा पुसणं. शेवटी गेल्या महिन्यात एका बुधवारी मी मळवलीला उतरलो आणि विचारत विचारत तो बंगला शोधला. भिमाजी हिरवळीवर पाइप धरून उभे होते. मला त्यांनी ओळखलं नाही. सांगितल्यावर म्हणाले, "हां हां, देवळात आलतात." मला पायरीवर बसवलं, चिमाबाईंना पाणी आणायला सांगितलं.

मी जे ठरवून आलो होतो ते सगळं सांगितलं. सारिकाचा अर्ज, चार महिने, माझा ट्रे. ते काम करणं मला जमत होतं आणि मी केलं नाही, हेही. ती त्या दिवशी माझा संबंध नाही म्हणाली ते खरं नव्हतं, आणि मी तिथे उभा राहून ऐकून घेतलं.

भिमाजींनी मधे एकदाही अडवलं नाही. पाइप खाली ठेवला होता. पाणी एकाच जागी गवतात साचत होतं. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् त्यो अर्ज आता कुटं हाय?"

"कुठला?"

"पोरीनं दिलेला."

"फायलीत असेल. संस्थेत."

"व्हय," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाई, सायेब. त्या पोरीला सांगितलं का तुमी हे?"

"तिला माहीत आहे."

"म्हाईत आसनं येगळं."

चिमाबाईंनी पाणी आणलं. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हितं दवाखाना जवळ हाय. माज्या पायाला बरं पडतं." नवऱ्याला सांगितल्यासारखं, की मला, ते समजलं नाही. मी काहीतरी आणखी बोलणार होतो. आपण अजून एक अर्ज करू, की सारिकाला घेऊन येतो, की असंच काहीसं. पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि भिमाजी घाईने उठले.

"मालक आलं. आज यायचं नव्हतं त्यांनी." त्यांनी पाइप उचलला, परत टाकला, टोपी सारखी केली. "तुमी जरा मागच्या बाजूनं निघा, सायेब. बाहेरचं मानूस आत आलेलं त्यांना चालत न्हाई."

दुसरा हॉर्न वाजला. ते फाटकाकडे पळत गेले. या वयात त्यांना तसं पळताना बघवलं नाही. मी पाण्याचा पेला पायरीवर ठेवला आणि बंगल्याला वळसा घालून मागे गेलो. तिथे एक लहान लोखंडी दार होतं. त्याची कडी गंजली होती, आणि ती कशी काढायची ते मला बराच वेळ उमगेना.